घरातला माणूस

मंगळवार, १४ नोव्हेंबर. पहाटे गारठा. नातवाचे मोजे सापडेनात, सगळे घर पालथे घातले. दुपारी चारला घर बघायला जायचे आहे.

वही मिटून हॅलोबाईंनी ठेवणीतल्या चपला काढल्या. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, त्यामुळे दाराची बेल वाजली तरी तोंडातून आधी "हॅलो"च निघे. म्हणून हे नाव. नवरा गेल्यापासून त्या मुलाकडे राहत होत्या, पुढच्या खोलीत, सोफ्यावर. भांडण कसलंच नव्हतं. पण आधी वडिलांचं घर, मग नवऱ्याचं, मग मुलाचं. आता एकदा, भाड्याच्या का होईना, पण आपल्या नावाच्या घरात पाठ टेकावी, एवढंच मनाने घेतलं होतं.

"लोक म्हणतील, सुनेने बाहेर काढलं," सून कुरकुरली.

"म्हणू देत. राँग नंबर म्हणायचं आणि ठेवून द्यायचं."

मुलगा सोबत आला. घर दुसऱ्या मजल्यावर होतं. एक बेडरूम, ओट्यावर उजेड पाडणारी खिडकी, जेमतेम खुर्ची मावेल अशी बाल्कनी. हॅलोबाईंनी बेडरूमचं दार लावून पाहिलं. कडी घट्ट बसली. उघडून पुन्हा लावलं. इतकी वर्षं त्यांच्या वाट्याला दार आलंच नव्हतं. पुढच्या खोलीचा रस्ताच झालेला असतो.

घरमालक खालच्याच मजल्यावर राहत; बोलणी त्यांच्याकडे बसूनच झाली. "घर तुम्ही छानच ठेवाल, आजी," ते म्हणाले. त्यांनी स्वतः हॅलोबाईंपेक्षा चार पावसाळे जास्तच पाहिले असावेत. "पण एकट्या बाईला द्यायचं म्हणजे जिवाला घोर. रात्री-अपरात्री काही झालं, तर घरात माणूस नको का? असं करू, करार मुलाच्या नावावर करू. अधूनमधून तो येईल झोपायला."

मुलाने सुटल्यासारखं खिशातलं पेन काढलं. "चालेल की. नाव कुणाचं का असेना, आई."

"मग घरही कुणाचं का असेना." त्या मालकांकडे वळल्या. "कुठे आग लागो, कुणाला कळा येवोत, रात्रपाळीला पहिला फोन माझ्याच कानाशी यायचा. मीच हातपाय गाळले असते, तर गाव बसलं असतं बोंबलत."

"ती नोकरी झाली. घरचं वेगळं."

हॅलोबाईंनी पिशवी उचलली. घर आवडलं होतं. ती कडी तर फारच. पण मुलाच्या नावाने त्या पाहुण्याच राहिल्या असत्या, फक्त पत्ता बदलून.

मुलगा मात्र उठला नाही. हातातल्या पेनाकडे बघत म्हणाला, "काका, मागच्या वर्षी माझ्या पोराला रात्री ताप चढून फिट आली. मी गाडीची किल्ली शोधत होतो. तोवर ही त्याला उचलून जिना उतरलीही होती, शेजाऱ्यांची गाडीही हिने थांबवली होती. आमच्याकडे रात्री बेल वाजली की हीच उठते. आमच्या घरात माणूस आहे तो हीच."

हॅलोबाई पिशवीचा बंद नीट करू लागल्या. बंद नीटच होता.

आतून मालकांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, कुत्रं भुंकलं तर मला हलवून उठवता. तुम्हाला कोणी दिलं हो घर?"

मालक आधी कानकोंडे झाले, मग हसले. त्यांनी करारनामा पुढे ओढला. "बोला ताई. भाडेकरूचं नाव?"

हॅलोबाईंनी पाठ ताठ केली. पूर्वी लांबच्या गावाला फोन जोडताना सांगत तसं, एकेक अक्षर सुटं करून त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं. मालकांना एकदाही "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं नाही. खाली साक्षीदार म्हणून मुलाने सही केली, आणि नातवाला दाखवायला म्हणून त्या पानाचा फोटो काढून घेतला.

रात्री वहीत दोन ओळींची भर पडली. किल्ल्या दोन मिळाल्या. ओट्यावरचा नळ ठिबकतो, वायसर बदलायला हवा.