एका पंपाचे दोन पाठ

मखमलाबाद रस्त्याला आमच्या घरामागे शेजाऱ्यांची गुलाबाची बाग आहे. ठिबकचा पंप ठरल्या वेळी आपोआप सुरू करणारी एक पेटी माझ्या सुनेने त्यांना करून दिली होती. पेटीतला कोडही सुनेचाच. नोकरी सोडल्यानंतरचे हे तिचे पहिले स्वतंत्र काम. वैशाखात तिने त्या कोडमध्ये एक सुधारणा केली: पाऊस पडत असेल तर पंपाने थांबावे. त्या दिवसापासून पंप सुरूच होईना.

एका दुपारी शेजारी ओट्यावर येऊन बसले आणि फार नम्रपणे म्हणाले, "वहिनी, संध्याकाळपर्यंत बघा. नाय जमलं तर पेटी घेऊन जा. लय शिकलेली हाय पेटी, पण झोपाळू हाय."

सून हसली, मात्र जेवायला बसली नाही.

जुना कोड आणि नवा कोड समोरासमोर ठेवून पाहायचे तिने ठरवले. लहानपणी वेदपाठशाळेत आम्ही एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, अशा रीतीने पाठ ताडून पाहत असू. म्हणून मी जुना कोड वाचून दाखवण्याची तयारी दर्शवली. दोन मजकूर ताडणारे साधन संगणकातच आहे, असे तिने सांगितले. मी किंचित हिरमुसलो, तरी खुर्ची ओढून शेजारी बसलो.

साधनाने प्रत्येक ओळ तांबडी करून दाखवली. ओळींच्या आरंभीची मोकळी जागा सगळीकडेच बदलली आहे, एवढाच त्याचा अर्थ, असे म्हणून तिने ती जागा मोजू नये अशी सूचना साधनाला दिली. आता फक्त पावसाच्या नव्या ओळी तांबड्या उरल्या, आणि त्या निर्दोष होत्या. तिचा चेहरा उतरला.

मी सहज विचारले, "मोकळी जागा का वगळायची? आमच्याकडे विराम चुकला तर गुरुजी पुन्हा आरंभापासून म्हणायला लावत."

 तिने लगेच सूचना मागे घेतली आणि ओळींच्या कडा न्याहाळू लागली. सर्व ओळी सारख्याच सरकल्या होत्या. 'पंप सुरू कर' ही एकच ओळ अधिक आत जाऊन पावसाच्या अटीखाली बसली होती. अशी आत सरकलेली ओळ वरची अट पूर्ण झाली तरच चालते, असे तिने मला सांगितले.

"बाबा, पाऊस पडला तरच पाणी द्यायचं, असं मी सांगून ठेवलंय त्याला."

आम्ही दोघे इतके हसलो की शेजारी कुंपणापाशी आले. मी त्यांना कारण सांगितले, सून दुपारी जेवली नाही हेही सांगितले. तेही हसले, पण पेटी ठेवण्याविषयी काही बोलले नाहीत.

सायंकाळी तिने ती ओळ जागेवर आणली आणि पाऊस ओळखणाऱ्या चकतीवर मला पाणी घालायला सांगितले. मी तांब्याने अभिषेक केला. वेळ झाली, पंप गप्प. मग तिने पदराने चकती कोरडी पुसली. घरघर सुरू झाली आणि गुलाबांच्या मुळाशी थेंब पडू लागले.

शेजारी वाफ्याकाठी उकिडवे बसून ओली माती बोटाने चाचपत राहिले. उठताना म्हणाले, "राहू द्या पेटी. आता जेवून घ्या, वहिनी."