एको बंद केलेलं गाणं

"एको बंद करा, शेठ," फेलिक्स म्हणाला.

घिवलीला हळदीचा मांडव होता. ऊन उतरत होतं, आमचे स्पीकर लागले होते आणि गिटारवाल्याला ऐन वेळी ही हुक्की आली होती. एको म्हणजे गाणाऱ्याचा शब्द मशीन पुन्हा पुन्हा उमटवतं ते. आमच्या पट्ट्यात एको नसला तर लोक म्हणतात, हलका साउंड आणलाय. बोईसरला मी एका भाड्याच्या स्पीकरवर धंदा उभा केला, तो कलाकारांचे लाड करून नाही.

पण त्या दिवशी ऐकून घेतलं. फेलिक्स तारापूरच्या कारखान्यात ऑपरेटर, सुट्टीला माझ्या बँजो पार्टीत. कंपनी त्याला गुजरातच्या प्लांटला पाठवायला बघत होती. तो म्हणाला होता, "एकदा माझं गाणं माझ्या पद्धतीने होऊ दे, मग बदलीला नाही म्हणतो." आणि मला तो हवा होता.

त्याचे वडील जहाजावर खलाशी. त्यांनी आणलेल्या कॅसेटवरून तो कंट्री म्युझिक शिकला. कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडची गाणी. शेत, ट्रक, सोडून गेलेलं माणूस. त्यात अंगठा जाड तारांवर ठेका धरतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुसरा वाजवणारा कुठे बसलाय म्हणून मी मागे वळून पाहिलं होतं. त्या बाजात फेलिक्स आपल्या बोलीत गाणी रचायचा. होड्या, शिफ्टची बस, भाड्याची खोली. दोन ओळींच्या मध्ये तो नुसता थांबायचा. तेवढ्यापुरतं माझंही डोकं शांत व्हायचं, आणि ते सहसा होत नाही.

नवरीचा मामा ऐकेना. "हलदीत रडगानं नको. पोरांना नाचाचं हाय." मी आवाज चढवला, मग उतरवला. शेवटी दोन लाइट जादा लावून दिल्या आणि एका गाण्यावर सौदा पटला. एको मी स्वतः शून्यावर आणला.

बहीण सासरी गेलेल्या भावाचं गाणं होतं.

"भरती परत येते, शिफ्टची बस परत येते, तू तेवढी नाय."

आणि तो थांबला.

"ए साउंडवाले," मामा ओरडला, "मशीन बंद परली काय?"

मशीनवर बबन होता, माझा जुना माणूस. शांतता झाली की त्याचा हात आपोआप एकोवर जातो. गेला. फेलिक्सने ओळ पुन्हा घेतली आणि स्पीकरमधून "नाय, नाय, नाय, नाय" सुरू झालं. पोरं त्यावर नाचायला लागली. मी बबनला एक शिवी हासडली. तीही माइकने उचलली आणि सगळ्या घिवलीला चारदा ऐकवली.

फेलिक्स चिडला नाही. त्याने गिटारची वायर काढली आणि मांडवामागे गेला. तिथे म्हाताऱ्या हळद कालवत बसल्या होत्या. मासळीचा क्रेट पालथा घालून तो त्यांच्यात बसला. मला लांबून आवाज येत नव्हता. नवरीच्या आजीचा हात परातीत थांबलेला तेवढा दिसला. गर्दी ढकलत पोचलो तेव्हा शेवटची ओळ चालली होती.

"परत म्हन रं बाला," आजी म्हणाली.

तेवढ्यात मामाने मला मागून ओढून नेलं. त्याच्या दोन लाइट लागत नव्हत्या.

परतताना टेम्पोत मी फेलिक्सपुढे सगळं मांडलं. एको कायमचा बंद, पार्टीच्या बोर्डावर त्याचं नाव, बबनला घरी बसवतो.

"भाव नका करू, शेठ," तो म्हणाला. "स्पीकरवर नाही झालं, पण आजीने ऐकलं. झालं माझं. आता बदलीला नाही कशाला म्हणू?"

तो गुजरातला गेला. माझा राग अजून गेलेला नाही. मांडव मी मिळवला, सौदा मी केला आणि अख्खं गाणं दुसऱ्यांनीच ऐकलं. नंतर बरेच गिटारवाले ठेवून पाहिले. हात चांगले असतात. पण ऐकताना मागे वळून बघावंसं वाटत नाही.

बबन अजून आहे. मी एको उतरवतो, तो चढवतो, गिऱ्हाईक खूश असतं. धंद्यात एवढं कळलं, की जादा मागणाऱ्याला थांबवता येतं. ज्याचं मागणं पुरं झालं, त्याच्याशी घासाघीस होत नाही.