साधं खरचटलंही नव्हतं

दादा गेल्याचा फोन वहिनीनं केला, तेव्हा मी बाजारात होतो. तिथूनच विचारलं, "डॉक्टरनं नीट बघितलं का?" सख्खा भाऊ गेला आणि मला पुरावा हवा होता. वहिनी एवढंच म्हणाली, "भावोजी, तुम्ही या." त्याला आता दोन महिने होतील. छत्तीस वर्षं मी कोर्टात बेंच क्लार्क होतो. समोर उभा राहील तो खोटंच बोलतोय असं धरून चालायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. भाजीवाला कोथिंबिरीची वरची जुडी देतो, मी खालची मागतो. बायको म्हणते, तुम्हाला देव भेटला तर त्याचंही ओळखपत्र बघाल. बघेन. पण दादाच्या बाबतीत हे करायला नको होतं...

मोहनदादा माझ्याहून चार वर्षांनी थोरला. पेशानं इलेक्ट्रिशियन. लालबागच्या चाळीत आमच्या दोघांच्या खोल्या लागून. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी तो फणसवाडीत सुधाकरकडे, त्याच्या शाळेपासूनच्या मित्राकडे, कॅरम खेळायला गेला होता. इमारत जुनी. खेळता खेळता माळ्यासकट छत खाली आलं. दादा एका तुळईच्या आडोशाला अडकला, पाच तास. सुधाकर हातभर अंतरावर होता. आधी बोलत होता, मग बोलायचा थांबला. दादाला बाहेर काढलं तेव्हा साधं खरचटलंही नव्हतं. सिमेंटनं पांढराफटक झालेला आमचा दादा आपल्या पायांनी चालत आला आणि चहा मागितला. आम्ही म्हटलं, चला, जिवावरचं शेपटावर गेलं.

महिन्याभरानं सुरू झालं. कुकरची शिट्टी झाली की ताटावरून उठायचा. मान आखडलेली, पोट कायम बिघडलेलं, बसल्या जागी छातीत धडधड. दुपारी डोळा लागला की घामानं भिजून उठायचा. ज्या हातांनी उभ्या जन्मात वायर चुकीची जोडली नाही, त्यांच्यातून पेचकस निसटायला लागला. माळ्याखाली बसेना, म्हणून खुर्ची गॅलरीत नेली. काम सुटलं. वहिनीनं गावच्या देवाला गाऱ्हाणं घालून घेतलं. माझा त्यावर विश्वास नव्हता, पण दादावर तरी कुठे होता? रक्त तपासलं, मानेचा एक्स-रे काढला. प्रेशर थोडं वर होतं, बाकी सगळं ठीक. रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट आजारी, हे मला पटेना. जखम दाखव, मग बोल, हा माझा खाक्या.

त्यात मंडळानं त्याचा सत्कार ठरवला. मरणाच्या दारातून परत आलेला आपल्या चाळीचा माणूस म्हणून शाल, श्रीफळ आणि स्वागताला ढोलताशा. आमच्याकडे माणसावर प्रेम करायचं तर ते वाजवूनच करतात, दुसरी रीत कुणाला सुचतच नाही. पहिली काठी पडली मात्र, दादा स्टेजवरच्या टेबलाखाली शिरला. कानांवर हात, गुडघे पोटाशी. काही पोरं हसली. मी वाकून भर मांडवात त्याचं तोंड हुंगलं. प्यायलाय का, ते बघायला. वास नुसता पेपरमिंटच्या गोळीचा होता. दादानं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. ती लाज अजून माझ्या अंगावर आहे.

मग तो मंगळवारी तीनच्या सुमारास कुठेतरी जायला लागला. विचारलं तर म्हणे, "जरा जाऊन येतो." मला राहवलं नाही. एका मंगळवारी मी परळपर्यंत त्याच्या मागे गेलो. तो हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात शिरला. मी फाटकाबाहेर रसवंतीच्या आडोशाला उभा राहिलो आणि मनात निकाल देऊन टाकला... काम सोडलं त्यावर आजारपणाचा शिक्का हवाय याला.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं. त्यानं शांतपणे सांगितलं. डॉक्टर म्हणतात, छत पडायचं थांबलं हे डोक्याला कळलंय, अंगाला अजून कळलेलं नाही. अंग पळायच्या तयारीतच राहतं, म्हणून मान धरते, पोट बिघडतं, झोप येत नाही. गोळी आहे, बोलणंही आहे, पण अंगालाही हळूहळू शिकवायचं. चहा कमी, रोज चालणं, पावलं जमिनीवर टेकवून बसायचं आणि श्वास घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. मी म्हटलं, "श्वास सोडायला परळला कशाला जायला हवं? लालबागची हवा संपली?" तो हसला नाही. दादा मालवणीत शिरला की समजायचं, आता आतून बोलतोय. म्हणाला, "तुका खरा वाटणा नाय ना रे?" मी पेपर उघडला.

पुढे त्याला बरं वाटायला लागलं. रोज भोईवाड्याच्या देवळापर्यंत चालत जायचा. माळ्याखाली बसून जेवायला लागला. एकदा चाळीच्या जिन्यातला होल्डरही बदलला, हात न थरथरता. माणसानं आनंद मानावा की नाही? मी बायकोला म्हटलं, बघ, म्हणजे काही झालंच नव्हतं. आजारी होता तेव्हा नाटक, बरा झाला तर नाटकाचा पुरावा. माझ्या कोर्टात त्याला सुटका नव्हतीच.

तो गेला हार्टनं, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. आमचे बाबाही असेच गेले होते. तरी मला संशय गोळ्यांचाच. तेराव्यानंतरच्या मंगळवारी फाइल घेऊन भांडायला गेलो. डॉक्टरांनी प्रत्येक गोळी समजावून सांगितली, शवविच्छेदनाच्या रिपोर्टमधलं हृदयाच्या नळ्यांचं ब्लॉकेज दाखवलं. भांडायला काही उरलं नाही. निघताना तिथला व्यायाम घेणाऱ्या बाईंनी थांबवलं. "तुम्ही मोहनरावांचे भाऊ ना? व्यायामाच्या शेवटी आम्ही घरच्या माणसाला पेशंटच्या पाठीवर हात ठेवायला सांगतो. श्वास लांबवायला मदत होते. वहिनींच्या कामाची तीच वेळ, त्यामुळे मोहनरावांबरोबर कुणी नसायचं. ते भिंतीला पाठ लावून बसायचे. म्हणायचे, भाऊ येईल, त्याला पटायला वेळ लागतो."

त्या दिवशी व्यायामाला एक रिक्षावाला एकटाच आला होता. बाईंनी विचारलं, "ठेवता हात?" मी ठेवला. वरून माणूस अगदी शांत, दगडासारखा बसलेला. पण शर्टाखाली पाठ थडथडत होती, सारखी, थांबतच नव्हती... हे कुणाला ठरवून करता येत नाही. छत्तीस वर्षं माणसांच्या तोंडाकडे बघत बसलो, पाठीला हात कधी लावला नाही. त्या परक्या माणसाच्या पाठीवर मला माझा भाऊ खरा वाटला. बाई म्हणाल्या, आता सावकाश सोडा. त्यानं सोडला. मला मात्र सोडता येईना.