अंगणातली जीप

फोन आला तेव्हा माझ्या साडूचा, आनंदाचा मेसेज माझ्या मोबाइलवर तसाच पडून होता. नेहमीसारखा वाघाचा फोटो, त्याच्या डोक्याभोवती कुणीतरी चिकटवलेली गुलाबाची फुलं, खाली ‘शुभ सकाळ’ आणि त्याखाली त्यानं स्वतः टाइप केलेलं, ‘पाव्हणं, यंदा जरा लौकर बघा’. वाचून मी मोबाइल पालथा ठेवला होता. रोजच ठेवायचो. फोन आला तो हिच्या मोबाइलवर, कुपवाडहून. आनंदा कारखान्यात लेथजवळ उभा होता तो खाली बसला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. साताऱ्याहून सांगलीला जाताना ही गाडीत रडत होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती... आता बुकिंगचं विचारणारं कुणी राहिलं नाही. सुटल्यासारखं वाटलं मला. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

आनंदा म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा, सुरेखाचा नवरा. त्याला जाऊन महिना झाला आणि या महिन्यात जो येईल तो ‘दिलदार माणूस’, ‘राजा माणूस’ असंच बोलतोय. ऐकून कंटाळा आला. तो आवडायचा म्हणणाऱ्यांपैकी निम्मे त्याचा फोन आला की आंघोळीला जायचे. मी तर सरळच सांगतो, मला तो आवडत नव्हता. फोनवर तो असा बोलायचा, की पलीकडच्याला फोनची गरज पडू नये. जेवताना ताटातल्या रश्शाबरोबर शेजारच्याची शांतताही ओरपायचा. त्याचं मूळ घर कवठे महांकाळकडचं, आजा मेंढरं राखायचा. हा कुपवाडला हाताखाली काम करता करता स्वतःच्या शेडचा मालक झाला. मी साताऱ्यात सरकारी कचेरीत, पंख्याखालच्या खुर्चीवर. दोघांत जास्त कोण कमावतो हे दोघांनाही माहीत होतं. त्यानं ते कधी दाखवलं नाही आणि त्याचाही मला रागच यायचा.

या माणसाला एक दिवस कुठून तरी वाघाचं वेड लागलं. ताडोबाला जायचं, सगळ्यांनी मिळून. मी म्हटलं, चांदोलीचं जंगल आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथं जा. तर म्हणाला, “ते घरचंच हाय की. तितं कवा बी जाता येतंय.” गेला नाही कधी, हे वेगळं. मग तयारी सुरू झाली. खाकी शर्ट-पँट शिवून घेतली, पोटावरची गुंडी शिवल्या दिवसापासून ताणलेली. ती घालून तो पुतण्याच्या बारशाला आला, गळ्यात दुर्बीण. पाळण्यातलं पोर त्यानं त्या दुर्बिणीतून बघितलं. शेंगदाण्याची चटणी किती न्यायची, दशम्या किती दिवस टिकतात, वाघाला कुठला रंग खुपतो, यावर तो तास तास बोलायचा. हिची लाल साडी त्यानं बाद केली होती. मी एकदा चारचौघांत म्हटलं, “तुझ्या आजोबांनी लांडग्यांना दगड मारले, आणि तू पैसे मोजून जनावर बघायला चाललास.” सगळे हसले. आनंदाही हसला. म्हणाला, “आज्यानं सगळी जनावरं पळताना बघितली, पाव्हणं. कधी जनावर पळायचं, कधी आजा पळायचा. मला एकदा बसून बघायचंय.”

आणि त्यासाठी त्यानं अंगणात जीप मांडली.

जीप म्हणजे प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या, तीन-तीनच्या दोन ओळी, पुढं ड्रायव्हरच्या नावानं एक स्टूल. जंगलात बोललं की जनावर निघून जातं असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. म्हणून आम्ही सांगलीला गेलो की जेवणानंतर सराव. मागच्या ओळीत ही, सुरेखा आणि त्याची मुलगी पूनम. पुढच्या ओळीत आमचा मुलगा, मी आणि आनंदा. मुलगा पुण्याला गेल्यावर सुटला, त्याची खुर्ची मात्र राहिली. कुणी बोललं की आनंदा बोट ओठांवर ठेवायचा आणि कुजबुजायचा, “जीपमधी बोलायचं न्हाई.” समोर काय, तर शेजाऱ्यांची भिंत आणि वाळत घातलेली चादर. तिच्याकडं तो डोळे बारीक करून बघत बसायचा. इतका वेळ गप्प बसलेला आनंदा मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही, आणि मला त्याचं काडीचंही कौतुक वाटलं नाही. मी मनात म्हणायचो, पन्नाशीला आलेले दोन बाप्ये चादरीकडं बघत बसलेत, कुणी बघितलं तर तोंड कुठं लपवायचं.

बुकिंगचं काम माझ्याकडं होतं. मी थोरला जावई, त्यात कचेरीतला, कॉम्प्युटरवाला, म्हणून तो मान माझा. आनंदानं पहिल्या वर्षीच सगळ्यांची आधार कार्डं पाठवली. मी काहीच केलं नाही. बुकिंगची साइट उघडलीसुद्धा नाही. महिन्याभरानं त्यानं विचारलं आणि मी म्हटलं, “फुल्ल झालं.”

“सगळं?”

“सगळं.”

“आसू द्या. फुडच्या वर्षी.”

इतकं सोपं होतं ते. पुढच्या वर्षी पुन्हा फुल्ल. त्याच्या पुढच्या वर्षीही. का केलं, याचं मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. कारण एवढंच, की त्याच्याशेजारी बसून मला कुठं जायचं नव्हतं. आणि समजा, दिसलाच वाघ, तर ती गोष्ट त्याच्या तोंडून जन्मभर ऐकायची मला हौस नव्हती. पूनम एकदा म्हणालीही, “पप्पा, मी मोबाइलवर करते की, पाच मिनिटांचं काम आहे.” आनंदा तिच्यावर डाफरला, “पाव्हण्यांकडं दिलंय न्हवं? दिल्यालं काम माघारी घेत्यात व्हय? त्यांचा मान हाय त्यो.” मी मान खाली घालून बडीशेप चघळत राहिलो. माझा मान सांभाळायला या माणसानं वाघ सोडला, आणि मी त्याला अडाणी म्हणत राहिलो.

तेराव्यानंतर कचेरीत, डब्याच्या सुट्टीत, मी ती साइट पहिल्यांदा उघडली. जागा होत्या. एक नाही, दोन नाही... पुढं पुढं बघत गेलो तर होत्याच. डबा तसाच घरी आणला.

गेल्या आठवड्यात एकटाच सांगलीला गेलो, सुरेखाला सांगायचं ठरवून. माणसं भेटायला येत होती तेव्हा अंगणातल्या खुर्च्या इकडं-तिकडं गेल्या होत्या. आता पुन्हा तिथंच होत्या, तीन-तीन, पुढं स्टूल. सुरेखा मागच्या ओळीत आपल्या खुर्चीवर बसलेली. “बसा दाजी,” म्हणाली. मी माझ्या खुर्चीवर बसलो. शेजारची रिकामी. तिच्या पाठीला दुर्बीण अडकवलेली होती, पट्ट्याला त्याच्या मानेच्या घामाचा काळा डाग. समोर चादर नव्हती, नुसती भिंत.

मी म्हटलं, “सुरेखा, त्या बुकिंगचं एक सांगायचं होतं. कधीच फुल्ल—”

“दाजी,” मागून तिचा आवाज आला, अगदी हळू. “जीपमधी बोलायचं न्हाई.”

तिला माहीत होतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं, ते मला कळलं नाही. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. जे तिथं बोलू दिलं गेलं नाही, ते इथं लिहिलं आहे. रविवारी सुरेखा चहाबरोबर ही पुरवणी वाचते, हे मला ठाऊक आहे.

त्या दिवशी मात्र मी गप्प बसलो. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. शेजारच्या खुर्चीकडून एकदाही आवाज आला नाही. सराव चांगला झाला होता त्याचा.