पारखीसाहेबांचे चार ग्लास

बिअरचा एक थेंबही वहिनीच्या जिभेला कधी लागला नाही. वास मात्र तिच्या केसांत मुक्कामालाच होता, कारण नवऱ्याच्या बारमधले ग्लास धुण्याचं काम लग्नापासून तिच्याकडे. बारवाल्याला सगळे दादा म्हणायचे, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. बार तरी केवढा? मोजकी टेबलं, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि काउंटरच्या मागे एक खिडकी. त्या खिडकीतून उकडलेली अंडी आणि शेंगदाणे बाहेर जायचे, उष्टे ग्लास आत यायचे. वहिनी आतल्या बाजूला उभी असायची. तिथून तिला सगळा बार दिसायचा आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

बिअर चारच चालायच्या, ज्या कुठेही मिळतात त्याच. त्यांची नावं वाचायची तसदी कोण घेतो? लेबलवरचं चित्र बघून माणसं म्हणायची, एक घोडा दे, एक कंदील दे. तिसरी जहाज. चौथीवर चित्रच नव्हतं, नुसता निळा कागद, म्हणून ती निळी. भिंतीवर एक फळा होता आणि त्यावर या चौघींना खडूने मार्क दिलेले असायचे. घोड्याला दहापैकी नऊ, जहाजाला सात, कंदिलाला पाच आणि बिचाऱ्या निळीला दोन. मार्क देणारे एकटे पारखीसाहेब.

पारखीसाहेबांचं फरशांचं दुकान होतं. बिअरचं शिक्षण त्यांना कुणी दिलं होतं देव जाणे, पण ग्लास उजेडाला धरायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटून एक घोट तोंडात घोळवायचा आणि मग सगळा बार गप्प होईपर्यंत थांबायचं, ही कला त्यांना अवगत होती. "घोडा म्हणजे घोडाच," ते म्हणायचे. "मागे कडवटपणा कसा हळूच येतो बघा. आणि ही निळी! फडकं पिळून ग्लासात भरलंय नुसतं." शिंपी, ड्रायव्हर, रंगारी, रोजचे सगळे माना डोलवायचे. रंगारी रोज निळी प्यायचा आणि आवडीने प्यायचा, पण हे ऐकल्यापासून तो बाटली धरताना लेबलवर तळहात ठेवू लागला.

खिडकीतून बघणाऱ्या वहिनीला एक गोष्ट केव्हाच कळली होती. साहेबांचे डोळे मिटायचे खरे, पण आधी बाटलीवर जाऊन यायचे. तिने ते नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला. "असू दे गं. त्यांच्यामुळे चार माणसं येऊन बसतात आपल्याकडे." दादा असा होता. मुंगीलासुद्धा बाजूला हो म्हणून सांगेल, असा भोळा माणूस.

त्या काळी बारमध्ये फ्रीज नव्हता. बर्फाच्या पेटीत बाटल्या गार व्हायच्या आणि भिजून भिजून त्यांची लेबलं सुटायची. एका संध्याकाळी दादाने साहेबांपुढे अशीच एक बिनलेबलाची बाटली आणली, समोरच झाकण काढलं आणि ग्लास भरला. साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"कंदील," साहेब म्हणाले. "लेबल नसलं म्हणून काय झालं? जीभ आहे ना."

दादाने मान खाली घालून गप्प राहायला हवं होतं. पण त्याच्या पोटात काही राहील तर शपथ. "नाही साहेब, घोडा आहे," तो म्हणाला आणि टेबलावरचं झाकण उलटून दाखवलं. झाकणावर घोडा होता, चांगला उधळलेला. शिंपी हसला. मग ड्रायव्हर हसला. मग अख्खा बार हसला, आणि साहेबांचे कान लालबुंद झाले.

त्यांनी दुसरा घोट घेतला. सावकाश घोळवला. "घोडा?" ते म्हणाले. "मग यात पाणी आहे."



"साहेब, तुमच्यासमोर झाकण काढलं," दादा म्हणाला.

"झाकण बसवायची मशिनं बाजारात मिळतात, दादा. आम्ही काय दूधखुळे आहोत?"

 दादाने तो ग्लास उचलला आणि सगळ्यांदेखत एका दमात रिकामा केला, जणू त्यानेच खरंखोटं होणार होतं. "बघा! मी प्यायलो. पाणी असतं तर प्यायलो असतो का?" यावरही माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, पाणी होतं म्हणूनच एका दमात गेलं. साहेब उठले, त्यांच्यामागे शिंपी उठला, ड्रायव्हर उठला, रंगारीसुद्धा उठला, आणि सगळी वरात समोरच्या बारमध्ये जाऊन बसली. आपली लाज झाकायला त्या माणसाने दुसऱ्याचं नाव फाडून पांघरलं. वहिनीने हे सगळं बघितलं, हातात ओला ग्लास घेऊन.

दादाने हाय खाल्ली. जे थोडे लोक यायचे, त्यांच्यापुढे तो बाटली उलटी करून धरायचा, "सील बघा हो, नीट बघा." ती माणसं ओशाळायची आणि परत यायची नाहीत. जेवताना घास हातात तसाच राहायचा. झोपेतही तो कुणाला तरी झाकण दाखवत असायचा. थंडी संपायच्या आत तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर होतं. असेल. पण ते कुणी कमजोर केलं, हे वहिनीला कुठल्या डॉक्टरने सांगायची गरज नव्हती.

आणि तो पारखी, मेला निर्लज्ज, भेटायला आला! खुर्चीवर बसला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "माणूस सोन्यासारखा होता हो वहिनी. ती एक चूक सोडली तर."

एक चूक सोडली तर. वहिनीने त्याला पाणी आणून दिलं, दारापर्यंत सोडायला गेली. पण त्या दिवसापासून हे शब्द तिच्या छातीत निखाऱ्यासारखे राहिले, आणि तिने ते विझू दिले नाहीत. रडणं तिने पुढे ढकललं. या माणसाच्या तोंडून, याच माणसांसमोर, दादाच्या ग्लासात पाणी नव्हतं हे वदवून घ्यायचं. मग रडायचं ते रडू.

मदतीला तिने धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं आणि दोघींनी बार चालवला. फ्रीज आला. दादाचा फोटो काउंटरच्या वर लागला. फळा तिने पुसला नाही, त्यावर नुसता कपडा टाकून ठेवला. पुढे समोरचा बार बंद होऊन तिथे औषधांचं दुकान झालं, आणि एक दिवस पारखीसाहेब आपली मंडळी घेऊन दारात उभे राहिले. जरा अवघडलेले होते, पण घसा कोरडा पडला की माणसाला फार लाज राहत नाही.

"या साहेब," वहिनी म्हणाली आणि त्यांची खुर्ची स्वतःच्या पदराने पुसली.

धाकटी आत येऊन तणतणली. "ताई, तुला काही वाटतं का? त्या मुडद्याच्या तोंडावर दार आपटायचं सोडून पदराने खुर्ची पुसतेस?"

"दार आपटलं तर तो दुसरीकडे जाईल," वहिनी ग्लास विसळत म्हणाली. "मला तो इथेच हवाय."

मग तिने त्याला असा डोक्यावर बसवला की काही विचारू नका. साहेबांना अंडं मऊ आवडतं, साहेबांना पंख्याखालची जागा हवी, साहेब बोलतायत, आवाज कमी करा. साहेब फुगत गेले. फळ्यावरचा कपडाही एके दिवशी निघाला आणि घोडा नऊ, निळी दोन पुन्हा सुरू झालं. वहिनी रोज दातओठ खाऊन हसायची. उन्हाळा तोंडावर आला, तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "साहेब, फळा जुना झालाय. या रविवारी दुपारी नवे मार्क द्या. पण बाटल्या आतच राहतील, बाहेर नुसते ग्लास येतील. तुमच्या जिभेला बाटली कशाला लागते?"

साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला. पण शिंपी म्हणाला, "साहेबांना काय, डोळे बांधा हवं तर!" आणि आता नाही म्हणायची सोय उरली नाही.

रविवारी दुपारी बार गच्च भरला. आत वहिनीने फ्रीज उघडला. सगळ्या बाटल्या निळीच्या होत्या, एकाच खोक्यातल्या. धाकटीला हसू आवरेना. तिने तांब्या उचलला, "ताई, एका ग्लासात थोडं पाणी घालू? मेल्याची चांगली जिरेल."

वहिनीने तिचं मनगट असं आवळलं की तांब्या हातातून निसटला. "एक थेंब पडला तर तुझं तोंड बघणार नाही. पाणी नसलं पाहिजे. समजलं? पाणी असताच कामा नये."

प्रत्येकापुढे चार ग्लास आले. पण पहिला घोट साहेबांचा, हे ठरलेलंच. बाकीचे हातात ग्लास धरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. साहेबांनी पहिला ग्लास उजेडाला धरला, खिडकीकडे एक नजर टाकली, पण तिथे वहिनी उभी होती, बाटली नव्हती.

"कंदील दिसतो," ते म्हणाले. "बरा आहे. चार."

"चारच," शिंपी घोट घेऊन म्हणाला. "जिभेवर जरा चिकटतोच."

दुसऱ्याला साहेबांनी सात दिले आणि जहाज म्हटलं. ड्रायव्हरला लगेच त्यात हलकेपणा सापडला. तिसऱ्याला साहेबांनी मान मागे टाकली, डोळे मिटले. "आला! हा आमचा घोडा. मागचा कडवटपणा बघा. नऊ. नाही, साडेनऊ." सगळा बार घोट घेऊन वा वा करायला लागला. रंगाऱ्याने ग्लासात पुन्हा पुन्हा बघितलं, काहीतरी बोलणार होता, पण गप्प बसला.

चौथा ग्लास. आता राहिली निळीच, आणि निळीला शिव्या द्यायच्या, हे साहेबांना डोळे मिटूनही माहीत होतं. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर, वहिनीही खिडकी सोडून बाहेर येऊन उभी. साहेबांना चेव चढला. एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं करून ग्लास आपटला.

"शून्य! ही निळी, आणि निळीतसुद्धा... वहिनी, राग मानू नका, मी खरं बोलतो. यात पाणी आहे."

 चार ग्लासांना चार नावं मिळतील, एवढीच वहिनीची आशा होती. तेच शब्द, त्याच खुर्चीवरून, आपल्या कानांनी पुन्हा ऐकायला मिळतील, हे तिने मागितलंसुद्धा नव्हतं. 

"धाकटे," तिने हाक मारली. "बाटल्या आण."

धाकटीने रिकाम्या बाटल्यांचं खोकं टेबलावर आणून आदळलं. सगळ्या निळ्या. मग वहिनीने फ्रीजचं दार सताड उघडलं. आतही निळ्याच.

"चारही ग्लासांत एकच बिअर होती," वहिनी म्हणाली. "घोडापण तीच, जहाजपण तीच. आणि पाणीही त्यातच सापडलं तुला."

साहेबांना तिने कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या एका 'तुला'ने बार जागच्या जागी थिजला. मग ड्रायव्हरला हसू फुटलं. शिंपी मांडीवर हात मारून हसायला लागला.

"हसू नका!" वहिनी अशी कडाडली की धाकटीसुद्धा दचकली. "तुम्ही कोण हसणारे? साडेनऊला वा वा कोणी केली? चिकटतंय कोण म्हणालं? त्या दिवशीही असेच हसलात. याने पाणी म्हटलं आणि तुम्हाला पाणी लागलं! एकाने तरी तो ग्लास स्वतः चाखला होता का? माझा माणूस तुमच्यापुढे झाकणं दाखवत मेला रे!"

शिंप्याने मान खाली घातली. ड्रायव्हर टोपीशी चाळा करत बसला. रंगारी पुटपुटला, "वहिनी, मला निळीच वाटली होती चारही वेळा. पण साहेबांपुढे..."

"तेच तर," वहिनी म्हणाली.

तिने चौथा ग्लास उचलला आणि पारखीच्या हातात दिला. "ऊठ. त्यांच्याकडे बघ आणि संपव. आणि यात पाणी आहे का, ते मोठ्याने सांग."

पारखी फोटोकडे तोंड करून उभा राहिला. घोट गिळताना त्याची हनुवटी भिजली. "नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"पाणी नाही. तेव्हाही... तेव्हाही नव्हतं. मला माहीत होतं, वहिनी."

बार रिकामा झाल्यावर धाकटीने दार ओढून घेतलं आणि वहिनी खिडकीच्या आतल्या बाजूला जमिनीवर बसून रडली. पुढे ढकललेलं सगळं रडणं तिने त्या दुपारी रडून घेतलं.

पारखी आता तोंड दाखवणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. पण गोष्ट गावभर झाली होती. दुसऱ्या कुठल्याही बारमध्ये तो शिरला की कुणी ना कुणी ग्लास पुढे करून विचारायचं, साहेब, यात किती पाणी? काही दिवसांनी तो गुपचूप येऊन आपल्या खुर्चीवर बसला. वहिनीने त्याला हाकललं नाही. फळा धुऊन पुसून कोरा केला होता. तिने त्याच्यापुढे निळी ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"पाणी नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"ऐकू आलं नाही."

"पाणी नाही!"

तेव्हापासून हे रोजचं झालं. पहिल्या घोटाआधी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, मगच प्यायचं, आणि मिळणार ती निळीच. माणसं आधी हसायची, मग त्यांना दया यायला लागली. रंगारी एकदा म्हणाला, "वहिनी, पुरे आता. म्हातारा झाला तो." वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुन्हा विषय काढला नाही.

एके संध्याकाळी पारखीने तिचा पदर धरावा तशा आवाजात विचारलं, "वहिनी, आज एक दिवस घोडा द्याल का?"

वहिनी टेबल पुसत होती. तिने मान वर करून फोटोकडे बघितलं.

"त्यांना विचार," ती म्हणाली. "ते हो म्हणाले तर देते."

आणि तिने निळीचं झाकण काढलं.