वळणावरचा नमस्कार

"ठेला हटाओ, प्रॉब्लेम खत्म," असं म्हणून आमचे दुबेसाहेब फाईल मिटायला निघाले. झाशीतल्या लक्ष्मी ताल या तळ्याजवळच्या एका वळणावर स्कूटरवाले सारखे पडत होते आणि खापर फुटलं होतं तिथे फुलं विकणाऱ्या रामकलीबाईंवर. त्यांचं घर त्या ठेल्यावरच चालायचं.

मी ट्रॅफिक इंजिनिअर. कुठे कोणता बोर्ड लावायचा हे ठरवणं माझं काम. लाल त्रिकोणाचा, म्हणजे धोक्याचा बोर्ड आम्ही मोठा करून पाहिला होता. कुणी ढुंकून पाहिलं नाही. ठेल्याचा दोष मला पटत नव्हता, पण खरं कारण सापडत नव्हतं, म्हणून मी चिडले होते.

शेवटी साहेब मला स्वतःच्या गाडीतून जागेवर घेऊन गेले. वळणावर महालक्ष्मीच्या देवळाचा कळस दिसला, तसा साहेबांचा हात स्टिअरिंग सोडून कपाळाला गेला. गाडी ठेल्याकडे सरकली. रामकलीबाई टोपलीसकट मागे झाल्या.

"सर, हाथ कहाँ गया था?" मी विचारलं.

साहेबांनी गाडी बाजूला घेतली. आम्ही उतरून पाहत राहिलो. स्कूटरवालेही तेच करत होते. ऐन वळणावर नजर कळसाकडे, हँडलवरचा हात छातीला.

ऑस्ट्रेलियात बोर्डावर कांगारू असतो, आखाती देशांत उंट. रस्त्यात जे आडवं येतं, ते बोर्डावर येतं. आमच्याकडे भक्ती आडवी येत होती. वळणाच्या जरा आधी, कळस दिसेल अशी मोकळी जागा होती. तिथे निळा, म्हणजे माहितीचा बोर्ड लावू, असं मी सुचवलं. त्यावर उभी केलेली स्कूटर आणि जोडलेले हात.

"मैनुअल में ये है ही नहीं."

"सर, मैनुअल में हम लोग भी कहाँ हैं?"

साहेब हसले. दिवाळीपर्यंत ट्रायल मिळाली. तोवर कुणी पडलं तर ठेला जाणार, ही अट.

दिवाळीला देवीच्या दर्शनाची गर्दी उसळली. मी सकाळपासून वळणावर उभी. एकेक स्कूटर बोर्डापाशी थांबे, नमस्कार होई, मगच पुढे निघे. कुणी पडलं नाही. रामकलीबाईंनी ठेला बोर्डाशेजारी नेला, कारण थांबलेला माणूस फुलं घेतो. मला इतका आनंद झाला की घरी येऊन आईला सगळं दोनदा सांगितलं. झाशीत मराठीतून फुशारकी मारायला माणसं तशी कमीच.

परवा तिथे दुबेसाहेब दिसले. गाडी बाजूला, दोन्ही हात जोडलेले.

नमस्कार करू नका, असा बोर्ड कुणी वाचत नाही. कुठे करा ते सांगितलं, की साहेबसुद्धा वाचतात.