वरच्या सुराची जागा

“ही बाई आता काय गाणार? गळ्याचं तं ऑपरेशन झालं न तिच्या!” मागच्या रांगेतल्या काकू संत्रं सोलता सोलता म्हणाल्या, आणि अमरावतीच्या त्या बंद सभागृहात सालीचा वास भरून राहिला. मला वळून सांगायचं होतं की ती अकोल्याच्या लग्नांत, जेवणाच्या पंगती उठेपर्यंत गात मोठी झाली, ऑपरेशननंतर तिला साधं बोलायलाही नव्यानं शिकावं लागलं. पण माझं कॉन्व्हेंटचं मराठी ऐकून लोक हसायचे, म्हणून मी चारचौघांत गप्पच असायची. तिनं नेमकं तेच गाणं घेतलं, ज्याच्या वरच्या सुरासाठी लोक तिकीट काढायचे. माइकवरच पेटीवाल्याला म्हणाली, “पट्टी खाली घ्या दादा. वरचं आता मले जमत नाही, लाजू काहून?” सगळे हसले. खालच्या पट्टीत तिचा आवाज जाडसर, उबदार लागला. मला तर गाणं पहिल्यापेक्षा जास्त आवडलं. वरच्या सुराच्या जागी ती नुसती हसली आणि अलगद खाली उतरली. गाणं संपलं, तरी लोक तो सूर अजून यायचा आहे असं समजून थांबलेच. टाळी नाही. तिचं हसू मावळायला लागलं. काकूंच्या हातातली फोड हातातच होती. मी कधी उभी राहिले, आठवत नाही, पण आजही संत्रं सोललं की सभागृहभर घुमलेला माझाच आवाज ऐकू येतो, “वन्स मोअर!”